लाल कार्डाचे सुखदेवमामा

मोर्शीजवळच्या धरणाचे दरवाजे पावसाळ्यात कधी ना कधी उघडावेच लागतात. पाणी मावेना म्हटल्यावर धरण तरी काय करणार? सुखदेवमामांचा दरवाजा मात्र मी कधी उघडलेला पाहिला नाही. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतल्या निदान अर्ध्या घरांच्या भानगडी त्या माणसाच्या पोटात साठलेल्या होत्या, आणि पोट म्हणाल तर पाटीसारखं सपाट. एकदा दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तर डॉक्टर पडद्याकडे बघून बराच वेळ गप्प राहिला म्हणतात. मला खात्री आहे, त्याला आत दोन-तीन मोडलेली लग्नं आणि एक पळून गेलेला नवरदेव दिसला असणार.

मामा ताडासारखे उंच. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. मिशा इतक्या दाट की त्यांचा वरचा ओठ खुद्द मामींनीही पाहिला नसावा. बोलायचे कमी, आणि बोलले तरी शब्द मिशीतून गाळून यायचा. काही शब्द वाटेतच अडकायचे, ते पुन्हा कधी कोणाला सापडले नाहीत.

आमची कंपनी अमरावतीच्या एमआयडीसीत. सरकारचे जुने कागद आणायचे, स्कॅन करायचे, संगणकात घालायचे, मूळ कागद मोहरबंद करून परत पाठवायचे. कोणत्या खात्याचे कागद ते मी सांगणार नाही. सांगितलं तर मला आत टाकतील, आणि आत गेलो तर हा लेख अर्धा राहील. एवढंच सांगतो की ते कागद असे होते, की त्यावरून उडालेला धुरळासुद्धा सरकार मोजून परत मागेल अशी आम्हाला भीती वाटायची.

काम मिळालं तेव्हा मालक राजूभाऊंनी पेढे वाटले, आणि पेढा गिळायच्या आत अटींचं बाड आलं. प्रत्येक माणसाची पडताळणी होणार. गावात चौकशी होणार, ठाण्यात चौकशी होणार. मग तीन पायऱ्यांची तीन कार्डं. पांढऱ्या कार्डवाल्यानं फक्त फाटकातून आत यायचं, पेट्या उचलायच्या, पेटीत काय आहे ते विचारायचं नाही. पिवळ्या कार्डवाल्यानं बाहेरच्या खोलीत स्कॅनरवर बसायचं, साधे गोपनीय कागद हाताळायचे. आणि लाल कार्डवाल्यानं आतल्या खोलीत जायचं. तिथले कागद कसले असतात, हे लाल कार्डवाल्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. या सगळ्यावर नजर ठेवायला कंपनीनं एक सुरक्षा अधिकारी नेमावा, अशीही अट होती.

आधी एक रिटायर सुभेदार नेमले. काय आवाज होता माणसाचा! त्यांनी फाटकावर "थांब" म्हटलं की बडनेऱ्याला गाडी थांबायची. पण आठवड्याच्या आत त्यांनी चहाच्या टपरीवर बसून कंपनीत कॅमेरे कुठं कुठं लावले आहेत आणि कोणता बंद आहे, हे बशीत चहा ओतून नकाशासकट समजावून सांगितलं. राजूभाऊ डोकं धरून घरी गेले. तेव्हा त्यांची आई देवघरातून म्हणाली, "मोर्शीच्या सुखदेवले बोलाव. तुया लग्नाच्या वक्ती त्यानं पोरीवाल्यांले काय काय नाही सांगतलं, हे तुले माहीत नाही."

मामांचा जन्म सोयरिकी जुळवण्यात गेला होता. वरुडपासून तेल्हाऱ्यापर्यंत कोणाचं पोट्टं लग्नाचं झालं, की मामांना निरोप जायचा. दोन्हीकडची माणसं त्यांच्यापाशी मन मोकळं करायची, आणि मामा त्यातलं जेवढं ज्याला सांगायचं तेवढंच त्याला सांगायचे. नवरदेव झोपेत ओरडतो ही गोष्ट मुलीच्या आईला. सासू तापट आहे ही गोष्ट मुलीला. आणि सासरा त्याहून तापट आहे, ही कोणालाच नाही, कारण ते लग्न झाल्यावर कळलेलं बरं. मोबदल्यात मामा टॉवेल-टोपीच्या आहेराखेरीज काही घ्यायचे नाहीत. त्यांच्या घरात टॉवेलांची अशी गंजी होती की पावसाळ्यात मोर्शीच्या नदीला पूर आला तर गावानं तो मामांच्या टॉवेलांनी पुसून काढला असता.

असा माणूस आमचा सुरक्षा अधिकारी झाला. अटींचं इंग्रजी बाड राजूभाऊंनी त्यांना सकाळभर वाचून समजावलं. मामांनी शांतपणे ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांना दोन मिनिटांत समजावून दिलं.

"हे पाहा, लग्न आहे असं समजा. पांढरं कार्ड म्हंजे मांडवातला वऱ्हाडी. त्यानं बसावं, जेवावं, जावं. पिवळं कार्ड म्हंजे वाढपी. त्याच्या हाती जे भांडं देलं ते त्यानं वाढावं, दुसऱ्याच्या भांड्यात डोकावू नाही. आन् लाल कार्ड म्हंजे कोठीवर बसलेला माणूस. किल्ली त्याच्यापाशी. बुंदी किती उरली हे त्यालेच माहीत. नवरीच्या बापानं इचारलं तरी तो म्हंते, 'भरपूर आहे.'"

नंतर दिल्लीहून एक प्रशिक्षक आला आणि त्यानं पडद्यावर चित्रं दाखवून हेच दिवसभर सांगितलं. लोक अर्ध्यात झोपले. कोठीवाली गोष्ट मात्र आजही कोणी विसरलेलं नाही.

कोणाला कोणत्या पायरीसाठी पुढं पाठवायचं, हे आधी मामा ठरवायचे आणि मग सरकारी पडताळणी व्हायची. मामांची परीक्षा घेण्याची रीत वेगळी होती. ते प्रश्न विचारायचेच नाहीत. नव्या माणसाला बाजूला घ्यायचे, खिशातून संत्रं काढून त्याला सोलून द्यायचे, इकडं तिकडं बघायचे आणि हळूच म्हणायचे, "तुले म्हून सांगतो. कोनाले बोलू नको." आणि एक गुपित सांगायचे. प्रत्येकाला वेगळं. सगळी खोटी, सगळी राजूभाऊंबद्दल. मग मामा स्वस्थ बसून वाट बघायचे, की कोणतं गुपित किती वेळात फिरून परत येतं.

पेट्या उचलणाऱ्या अमोलला त्यांनी सांगितलं की राजूभाऊंचे केस खरे नाहीत. अमोल जेवायच्या सुट्टीत हे ऐकून गेला, आणि संध्याकाळी राजूभाऊ घरी पोहोचले तर त्यांची बायको दारातच त्यांच्या डोक्याकडे बघत उभी. दुसऱ्या दिवशी कटिंगवाल्यानं कात्री लावण्याआधी विचारलं, "साहेब, काढून ठेवता का तसेच कापू?" मामांनी अमोलला पांढरं कार्ड दिलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू लय चांगला आहे. फक्त बाहेर राह्य."

मला काय सांगितलं होतं ते सांगत नाही. मला पिवळं मिळालं. लाल का मिळालं नाही हे विचारू नका. तुम्ही हा लेख वाचताच आहात.

आणि वैशालीला सांगितलं होतं, तेव्हा मी नेमका खांबाआड होतो, की राजूभाऊ पालीला इतके भितात की पाल दिसली तर टेबलावर चढतात. वैशाली हिवरखेडची पोरगी. अंगानं बारीक, स्कॅनरवर हात असा चालायचा की मशीनला घाम फुटायचा. मामा वाट बघत बसले. आठवडे गेले, महिने गेले, होळी गेली, पोळा गेला, पाल काही परत आली नाही. मग एक दिवस राजूभाऊंच्या केबिनमध्ये खरोखरीची पाल निघाली. सगळे धावले. वैशालीनं काही न बोलता राजूभाऊंसाठी टेबलावरचे कागद बाजूला सारले, चढायला जागा केली आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं. राजूभाऊंना आजवर कळलेलं नाही की पोरगी टेबल का रिकामं करून राहिली होती. मामा व्हरांड्यातून बघत होते. मिशी हलली. मामांची मिशी हलणं म्हणजे दुसऱ्या कोणी फटाके फोडणं.

बोलायचं नाही म्हणजे घरीसुद्धा नाही. मामी एकदा कंपनीच्या हळदीकुंकवाला आल्या होत्या, तेव्हा आमच्या बायांना सांगत होत्या, "लग्नाच्या वाढदिवसाले मले म्हने, 'चाल.' म्या इचारलं, कुठी? तर म्हने, 'बसमंदी बस.' मले वाटलं दवाखान्यात नेऊन राहिले. घरच्या लुगड्यावर निंगाली, पायात रबरी चप्पल. उतरून पाह्यते तं चिखलदरा. थंडीनं दात वाजून राहिले, आन् हे म्हंतेत, 'कसं वाटलं?'" मामा लांबून ऐकत होते. "सांगतलं असतं तं हिनं गाव गोया केलं असतं," एवढंच म्हणाले.

व्हॉट्सअॅपच्या झाडून सगळ्या ग्रुपांवर मामा होते. भावकीचा ग्रुप, कंपनीचा ग्रुप, संत्रावाल्यांचा ग्रुप. एकातही त्यांनी कधी साधं 'शुभ सकाळ' टाकलं नाही. प्रोफाइलला फोटो म्हणून भिंत होती. भिंतही दुसऱ्याची.

एकदा राजूभाऊंच्या स्वतःच्याच लाल कार्डाची मुदत संपली. नव्यासाठी अर्ज केला होता, पण यायला वेळ होता. राजूभाऊ सवयीनं आतल्या खोलीकडे निघाले, तर मामा दारात खुर्ची टाकून बसलेले.

"मामा, सरका ना बाप्पा."

"कार्ड?"

"येऊन राहिलं. आजउद्या येते."

"मंग तूबी आजउद्या ये."

"मामा, कंपनी माही आहे."

"कंपनी तुही आहे बावा. खोली सरकारची आहे."

राजूभाऊ चिडले, आईला फोन लावला. आईनं पलीकडून विचारलं, "सुखदेव काय म्हंते?" "जाऊ देत नाही म्हंते." "मंग जाऊ नको," म्हणून आईनं फोन ठेवला. नवं कार्ड येईपर्यंत मालक बाहेरच्या खोलीत माझ्या शेजारी बसून स्कॅनिंग करायचे. कामाचा हात बरा होता. ठेवून घेतलं असतं.

आता मुख्य गोष्ट. आतल्या खोलीच्या प्रमुख बाईंच्या नवऱ्याची बदली झाली, तो त्यांना नागपूरला घेऊन निघाला, आणि ती जागा वैशालीला द्यायचं ठरलं. मामांनी तिचं नाव लाल कार्डासाठी पुढं पाठवलं. शिफारस लिहिताना मामांनी रकाना भरून वर समासातही लिहिलं. एरवी ते सहीसुद्धा अर्धी करायचे. वैशाली त्या दिवसापासून जमिनीपासून वीतभर वर चालायची.

आणि काही आठवड्यांनी उत्तर आलं, नामंजूर.

नियम असा होता की तिसऱ्या पायरीला नकार आला की दुसऱ्या पायरीचं कार्डही काढून घ्यायचं, फेरतपासणी होईपर्यंत. आणि महिनाअखेरपर्यंत फेरतपासणीत निर्दोष ठरलं नाही, तर माणूस कायमचा बाहेर. मामांनी वैशालीचं पिवळं कार्ड मागून घेतलं, तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "मामा, असं झालं तर मी इथं नाही राहत. पुण्यात मैत्रिणीनं खोली पाहून ठेवली आहे. पर मले एक सांगा. गावात कोनं भांजी मारली?"

भांजी मारणं म्हणजे काय ते वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. सोयरीक जुळत आली की एखादा येऊन मुलीबद्दल किंवा मुलाबद्दल काहीतरी वंगाळ कानात सांगतो आणि जुळतं लग्न मोडतो, ती भांजी. वैशालीला वाटत होतं, ही चुलत्यानं मारली. बांधावरून त्यांचं जुनं होतं.

मामा म्हणाले, "पाहू."

पडताळणी करणारे लिमयेसाहेब पुण्याकडचे होते, नव्यानंच बदलून आलेले. नकाराचं कारण नोकरदाराला कळवत नाहीत, पण सुरक्षा अधिकाऱ्याला तोंडी सांगता येतं. ते त्यांनी मामांना सांगितलं. मामांनी मला सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "गाडी काढ."

"कुठी जायचं मामा?"

"पुढी."

असा मी जगातला एकमेव ड्रायव्हर आहे जो शंभरएक किलोमीटर गाडी चालवत गेला आणि कुठं चाललोय हे त्याला माहीत नव्हतं. फाटा आला की मामा बोट दाखवायचे. दर्यापूर आलं, मागं गेलं. अकोट आलं, मागं गेलं. उजवीकडं सातपुडा दिसायला लागला तसा मला घाम फुटला, वाटलं आता मेळघाटात नेतात आणि वाघाला पडताळणीला बसवतात. शेवटी हिवरखेडची पाटी दिसली तेव्हा कळलं.

वैशालीचे वडील रामदासजी ओसरीवर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होते. मामा मला म्हणाले, "तू गाडीत बस." मी बसलो. गाडी मात्र ओसरीला चिकटवून लावली होती. सावली तेवढीच होती, माझा इलाज नव्हता. काचही गरमीमुळं खाली होती.

रामदासजींनी मामांना ओळखलं. वऱ्हाडात मामांना न ओळखणारा एकच बाप, ज्याला पोरगी नाही. त्यांचा चेहरा पडला. पाणी दिलं, शेंगा पुढं सरकवल्या, आणि मामा एक शब्द बोलायच्या आत स्वतःच सुरू झाले.

"मामा, तुमी एवढ्या लांबून आले, पर तुमाले खोटं नाही सांगत. पोरगी काही खास नाही."

मामांनी एक शेंग सोलली.

"फटकळ आहे. तोंडात तीळ भिजत नाही तिच्या. घरातली गोष्ट उकिरड्यावर आन् उकिरड्यावरची चावडीवर."

मामांनी दुसरी शेंग सोलली.

"झोपेतबी बोलते. आन् हिशेब तं तिले बिल्कुल येत नाही. कोनतीबी चीज ठेवली की इसरते. एक वक्ती बैल इसरून आली वावरात."

मामा शेंगा खात राहिले. रामदासजींचा साठा संपत आला. मग ते रडवेले होऊन म्हणाले, "मामा, काहून उठून नाई राहिले? तो फारेनवाला तं चहा अर्धा टाकून गेल्ता."

"कोन फारेनवाला?" मामांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

मग सगळं बाहेर आलं. महिन्या-दीड महिन्यापूर्वी एक सायब आला होता. इस्त्रीची पँट, चष्मा, हातात बॅग. ओसरीवर ताठ बसला आणि म्हणाला, 'आपल्या कन्येविषयी थोडी माहिती हवी होती. कशासाठी ते आत्ताच सांगता येणार नाही.' आता मला सांगा, हिवरखेडच्या ओसरीवर बसून अनोळखी माणूस असं बोलला तर बापानं काय समजावं? पुढं त्यानं विचारलं, मुलीचा स्वभाव कसा आहे, गावात नाव कसं आहे, ऊठबस कोणाशी आहे. इथवर ठीक होतं. मग विचारलं, मुलीकडं पासपोर्ट आहे का? परदेशात तुमचे कोणी नातेवाईक राहतात का?

"मी समजलो," रामदासजी म्हणाले. "पोट्टा फारेनात आहे. एकुलती एक पोरगी मामा. अमरावतीले आहे तं सणावाराले डोयानं दिसते. तिकडं गेली म्हंजे फोनवर पाहा लागते. मायच्या मागं मीनंच वाढोली. मंग म्या माह्याच हातानं भांजी मारली."

गाडीत मी तोंडात रुमाल कोंबला होता.

मामांनी शेंगांची टरफलं गोळा करून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "रामदासजी, तो सोयऱ्याचा मानूस नव्हता. सरकारी सायब होता. वैशालीले कामावर वरची जागा भेटून राहिली होती, त्याची चौकशी होती. जागा भेटली असती तं पोरगी जन्मभर अमरावतीत राहत होती. आता नाही भेटली. पुण्याले चालली."

माणूस बसल्या जागी खचणं म्हणजे काय, ते मी खिडकीतून पाहिलं. तुरीची शेंग त्यांच्या हातातून खाली पडली. "म्हंजे म्या सरकारशी खोटं बोललो? मले नेतीन का?"

"सरकारशी नाही बोलले. सोयऱ्याशी बोलले. सोयरिकीत खरं कोन बोलते?"

"मले नेलं तं नेऊ द्या. पोरीची जागा वाचवा मामा. आन्..." त्यांचा आवाज खाली आला, मला खिडकीबाहेर कान काढावा लागला. "आन् तिले सांगू नका का तिच्या बापानंच."

मामा उठले, पंचा खांद्यावर टाकला. "काय सांगू नको? तुमी मले काही सांगतलंच नाही. शेंगा चांगल्या होत्या." आणि येऊन गाडीत बसले. परतीच्या वाटेवर दर्यापूरपर्यंत आमच्यात एकच संवाद झाला. मी म्हटलं, "मामा, मी काही ऐकलं नाही." मामा म्हणाले, "रुमाल काढ तोंडातून."

दुसऱ्या दिवशी मामा लिमयेसाहेबांपुढं जाऊन बसले. फेरतपासणीचा अर्ज ठेवला. साहेब चांगला माणूस, पण नियमाचा पक्का. म्हणाला, "मी पुन्हा जाईन. पण काय बदलणार आहे? सर्वांत जवळच्या व्यक्तीनंच सांगितलंय. आणि चौकशीचा हेतू मला उघड करता येत नाही."

"नका करू," मामा म्हणाले. "साहेब, तुमी कशाले आले हे सांगाले बंदी आहे. तुमी कशाले नाही आले, हे सांगाले बंदी आहे का?"

लिमयेसाहेबांनी म्हणे नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. तशी बंदी नव्हती.

तर लिमयेसाहेब पुन्हा हिवरखेडला गेले. ओसरीवर ताठ बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "नमस्कार. माझ्याकडे लग्नाचा मुलगा नाही. माझ्या ओळखीतही नाही. परदेशात तर नाहीच नाही." हे मला पुढं रामदासजींनीच सांगितलं, सांगताना हात जोडून. साहेबांनी चहा मागितला, आणि पूर्ण प्यायले. मग विचारलं, "आपली मुलगी गुपित राखू शकते का?"

रामदासजींनी विचार केला आणि खरं ते सांगितलं. "सायब, पोरगी तीन सालांपासून तिथं कामाले आहे. म्या दिवायीले इचारलं, काय काम करतं? म्हने, 'कागदाचं.' पोयाले इचारलं, कशाचे कागद? म्हने, 'बाबा, शेंगदाण्याची चटणी वाढा.' मले आजपावतो माहीत नाही ते माही पोरगी काय करते. तिनं जरासं तरी सांगतलं असतं का तिच्या कामाले चौकशी होत असते, तं म्या तुमाले सोयऱ्याचा मानूस कायले समजलो असतो?"

लिमयेसाहेबांनी पेन बाजूला ठेवलं म्हणतात. पुढं विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

महिना संपायच्या आत लाल कार्ड आलं. मामांनी ते वैशालीच्या हातात दिलं, तेव्हा तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. "मामा, कोन होता? माह्या काकाच ना?"

"तुया काका नाही."

"मंग कोन?"

"काका नाही, एवढंच तुले लागते. दिवायीले त्याच्या घरी फराळाले जाय."

ती गेली. बांधाचं भांडण तसंच राहिलं, पण चकल्या दोन्हीकडं पोहोचल्या.

तिचं लग्न झालं वरुडच्या एका संत्रा पॅकिंगवाल्याच्या मुलाशी. मुलगा चांगला, अमरावतीत स्वतःचं गोडाऊन टाकलेला. म्हणजे पोरगी पुन्हा सणावाराला डोळ्यांनी दिसणार. सोयरीक कोणी जुळवली ते मामांना विचारा, म्हणजे कळणार नाही.

लग्न हिवरखेडलाच. मांडव असा की सातपुड्यावरून पाहिलं तर तेल्हारा तालुका झाकलेला दिसावा. मामा तोवर कंपनीतून रिटायर झाले होते. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि पाठवणीच्या आधी कोणीतरी रामदासजींच्या हातात माइक दिला. बापाच्या हाती माइक देऊ नये. पाहुण्यांचे आभार मानता मानता ते भलतीकडंच वळले, आणि थांबेनात. लिमयेसाहेब, पासपोर्ट, उकिरडा, वावरात विसरलेला बैल, सगळं त्यांनी अख्ख्या मांडवापुढं सांगून टाकलं. "पोरी, तुयी भांजी म्याच मारली होती," म्हणाले आणि माइक हातात धरूनच रडले, त्यामुळं ते रडणं लाउडस्पीकरवरून हिवरखेडभर गेलं. मांडव असा हसला की वाजंत्रीवाले दचकून वाजवायला लागले.

वैशाली उठली, हार सावरत बापाजवळ गेली, त्यांचे डोळे पुसले. मग वळून तिनं मांडवात मामांना शोधलं. मामा पंगतीत बसले होते. पत्रावळीवर बट्टी कुस्करून त्यात वरण ओतून घेत होते. ती त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. मागून रामदासजीही नाक पुसत आले.

"मामा, तुमाले माहीत होतं?"

"काय?" मामा म्हणाले.

"आता माइकवर बाबानं सांगतलं ते."

"मले ऐकू नाही आलं. वाजंत्री चालू होती."

"अहो मामा," रामदासजी कळवळून म्हणाले, "तुमी माह्या वसरीवर बसून शेंगा नव्हत्या खाल्ल्या?"

मामांनी मान वर केली. घराकडं पाहिलं, ओसरीकडं पाहिलं, रामदासजींकडं तर इतक्या परक्या नजरेनं पाहिलं की बिचारे स्वतःलाच चाचपायला लागले.

"मी हिवरखेडले आज पहिल्यांदाच येऊन राहिलो," मामा म्हणाले. "गाव चांगलं आहे."

मी शेजारच्या पत्रावळीवर होतो. घास तोंडात तसाच राहिला. रामदासजी माझ्याकडं बघायला लागले, मी वांग्याच्या भाजीकडं बघायला लागलो.

वैशाली मात्र मामांकडं बघत होती. बराच वेळ. मग ती वडिलांना म्हणाली, "बरोबर आहे बाबा. तुमालेच दुसरं कोनी वाटलं असन." आणि वाढप्याच्या हातातलं तुपाचं भांडं घेऊन, शालू सावरत खाली वाकून, तिनं मामांच्या बट्टीवर तुपाची धार धरली. मामा 'पुरे' म्हणाले नाहीत. तीही थांबली नाही.